एक नाव, अनेक कमांड: बिल्ड स्क्रिप्टमधल्या व्हर्जनच्या भानगडी कशा निस्तरायच्या

आमच्या रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, एकदा एक विचित्र फाइल कमिट झालेली सापडली: ‘कॉन्फिग.वायएमएल-ई’. खऱ्या कॉन्फिग फाइलच्या शेजारी, तिचंच जुनं रूप, नावाच्या शेपटाला डॅश आणि ई. बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम, हिरवं (यशस्वी) होतं, त्यामुळे बरेच दिवस कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलगडा झाला तो असा, की टीममध्ये नव्याने आलेल्या सहकाऱ्याकडे मॅक होता, बाकी आम्ही सगळे उबुंटूवाले, आणि रिलीज स्क्रिप्टमध्ये मजकुरात बदल करणाऱ्या सेड या कमांडची एक ओळ होती. स्क्रिप्ट तीच, ओळ तीच, कमांडचं नावही तेच. फक्त त्या नावामागचा प्रोग्राम वेगळा.

हा लेख त्या एका ओळीपासून सुरू होतो आणि वायक्यू, डॉकर कंपोज, मेक, बॅश या कमांडपर्यंत जातो. लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, हे सांगायला नकोच.

आधी ओळखपरेड

काहीही दुरुस्त करण्याआधी नेमका कोणता प्रोग्राम चालतोय ते बघा. टर्मिनलवर ‘टाइप -ए सेड’ दिलं की पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) त्या नावाचे जेवढे प्रोग्राम आहेत ते सगळे ओळीने दिसतात. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘कमांड -व्ही सेड’ वापरा. ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक प्रमाणात आहे, ‘विच’ नाही.

ही तपासणी टर्मिनलमध्ये करून थांबू नका, स्क्रिप्टच्या आतून करा. तुमच्या झेडशेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या शेलच्या) सेटिंग फाइलमध्ये पाथ बदललेला असतो, पण ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन, एडिटर आणि कोड आपोआप तपासणारी सीआय ती फाइल वाचतीलच असं नाही. ‘मी आत्ताच बघितलं, माझ्याकडे जीएनयूचाच (नेहमीच्या लिनक्सवरचा) सेड आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची स्क्रिप्ट प्रत्यक्षात दुसराच सेड चालवत असते, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. त्यातला एकदा मीच होतो.

एकाच नावाच्या कमांड वेगवेगळ्यांनी लिहिल्या आहेत; त्यांची ढोबळमानाने तीन घराणी लक्षात ठेवा. उबुंटू, फेडोरा वगैरे नेहमीच्या लिनक्सवर जीएनयू. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर बीएसडी. अल्पाइनवर, म्हणजे आकाराने छोट्या अशा असंख्य कंटेनरांमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पेट्यांमध्ये), बिझीबॉक्स. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० ने त्यात चौथं घराणं आणलं: डेट, एलएस यांसारख्या मूलभूत कमांड तिथे रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या यूयूटिल्स संचातून येतात. म्हणजे ‘लिनक्स आहे, तेव्हा जीएनयू असणार’ हे गृहीतक अल्पाइनने आधीच मोडलं होतं, आता उबुंटूवरही ते चालत नाही.

सेड आणि -आय: मुळापासून

सेडचा -आय हा पर्याय फाइल जागच्या जागी बदलतो आणि हवी तर जुनी प्रत शेपूट लावून बाजूला ठेवतो. सगळं भांडण या शेपटाचं आहे. जीएनयूमध्ये शेपूट ऐच्छिक, आणि द्यायचं असेल तर ते -आयला चिकटूनच द्यायचं. बीएसडीमध्ये शेपूट सक्तीचं. चिकटून नसेल तर पुढचा जो शब्द येईल तो शेपूट समजला जातो. पॉझिक्समध्ये -आय नाहीच, त्यामुळे चूक कोणाची हा वादही घालता येत नाही.

आता तीन प्रसंग बघा.

लिनक्सवाला लिहितो: सेड -आय, मग बदलाचं सूत्र, मग फाइल. मॅकचा सेड सूत्रालाच शेपूट समजतो आणि फाइलच्या नावाला सेडची आज्ञा समजून वाचायला जातो. त्यातून येणारी तक्रार फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरते, म्हणून प्रत्येकाला वेगळी तक्रार दिसते आणि शोधूनही उत्तर लवकर सापडत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मॅकवाला लिहितो: सेड -आय, मग रिकामी अवतरणचिन्हं, मग सूत्र, मग फाइल. जीएनयूचा सेड रिकाम्या अवतरणांनाच सूत्र समजतो, खऱ्या सूत्राला फाइलचं नाव समजतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून ओरडतो.

तिसरा प्रसंग आमचा. सेड -आय -ई, म्हणजे -आयच्या पुढे लगेच छोटा -ई, ज्याच्यानंतर सूत्र द्यायचं असतं. लिनक्सवर हे बिनतक्रार चालतं. मॅकवरही चालतं! पण तिथे ‘-ई’ हे शेपूट ठरतं आणि फाइलच्या शेजारी -ई लावलेली प्रत तयार होते. पहिले दोन प्रसंग निदान बिल्ड तरी थांबवतात. हा नुसता कचरा टाकून पुढे जातो.

उपाय मी माझ्या पसंतीच्या क्रमाने देतो.

सगळ्यात बिनघोर रस्ता म्हणजे -आय वापरायचाच नाही. सेडचं आउटपुट तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या, सेड यशस्वी झाला का ते तपासा आणि मगच मूळ फाइल बदला. बदलताना दोन पर्याय आहेत. ‘एमव्ही’ केलं आणि तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये असली, तर बदल एका झटक्यात होतो, अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही. पण मूळ फाइलच्या परवानग्या जातात आणि ती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर लिंक तुटते. ‘कॅट’ने मजकूर मूळ फाइलमध्ये ओतला तर परवानग्या आणि लिंक टिकतात, पण मध्येच बिल्ड मेलं तर फाइल अर्धवट राहू शकते. बिल्डमध्ये मी बहुतेक वेळा कॅट वापरतो, कारण चालवण्याची परवानगी हरवलेल्या स्क्रिप्टने मला जास्त छळलंय.

दुसरा रस्ता: शेपूट चिकटवूनच द्या. ‘सेड -आय.बॅक’, मग सूत्र, मग फाइल, आणि पुढच्या ओळीत ती .बॅक फाइल पुसून टाका. जीएनयू, बीएसडी, बिझीबॉक्स, तिघांनाही हे एकसारखं समजतं. एका ओळीच्या बदलासाठी हेच पुरेसं आहे.

तिसरा: पर्लचा ‘-पीआय -ई’. पर्ल सगळीकडे एकच असल्यामुळे घराण्यांचा प्रश्न उरत नाही. फक्त अल्पाइनसारख्या छोट्या कंटेनर-प्रतिमांमध्ये पर्ल मुळात नसतं.

आणि एक रस्ता जो मी बंद केलाय: ‘यूनेम’ने ऑपरेटिंग सिस्टम विचारायची, डार्विन (मॅकच्या प्रणालीचं नाव) आलं तर एक ओळ, नाहीतर दुसरी. मॅकवर होमब्रू या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाने जीएनयूचा सेड बसवला तर तो ‘जीसेड’ नावाने येतो, पण अनेक जण त्याचं खास फोल्डर पाथमध्ये पुढे टाकतात आणि ‘सेड’ म्हटलं तरी जीएनयूच चालतो. त्या मशीनवर तुमची डार्विनवाली ओळ मोडते. प्रश्न सिस्टमचा नव्हताच, तुम्ही विचारला मात्र सिस्टमला.

सूत्राबद्दलही थोडं. साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधण्याच्या नमुन्यात) उलटी तिरपी रेघ लावून लिहिलेलं अधिक चिन्ह किंवा उभी रेघ ही जीएनयूची वाढीव सोय आहे. शब्दाची सीमा दाखवणारा बीसुद्धा तसाच. ‘कॅपिटल -ई’ लावून विस्तारित रूप वापरा. ते सगळीकडे चालतं आणि २०२४ च्या पॉझिक्समध्ये सेडसाठी अधिकृतही झालं आहे.

नाव विचारू नका, काम करून दाखवायला सांगा

‘मग व्हर्जन विचारून ठरवूया की’ असा विचार इथे सुचतो. बिझीबॉक्सच्या सेडला व्हर्जन विचारून पाहा. तो उत्तर देतो त्याचा अर्थ ‘हा जीएनयू सेड ४.० नव्हे’ असा होतो. ही गंमत मुद्दाम केलेली आहे: बिल्डआधी प्रणाली तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट व्हर्जनच्या मजकुरात ‘जीएनयू सेड’ आणि आकडा शोधत असत, तेव्हा त्यांना हवे ते शब्द सापडावेत आणि खोटंही बोललं जाऊ नये, अशी सोय. शब्द शोधणारी तुमची स्क्रिप्ट यात हमखास फसेल.

अशा कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या, १९९१ पासून चालत आलेल्या ऑटोकॉन्फने हा धडा फार आधी गिरवला: प्रणालीचं नाव बघण्यापेक्षा छोटा प्रयोग करा आणि निकाल बघा. शेलमध्ये हे सोपं आहे. डेटचं उदाहरण घेऊ, कारण बिल्डमध्ये युनिक्स सेकंदांवरून (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदांवरून) तारीख काढायची वेळ वारंवार येते.

जीएनयू आणि बिझीबॉक्समध्ये ‘डेट -डी’ आणि सेकंदांच्या आधी ॲटचं चिन्ह. बीएसडीमध्ये ‘डेट -आर’ आणि नुसते सेकंद. जीएनयूमध्येही -आर आहे, पण तिथे त्याचा अर्थ ‘या फाइलची बदलाची वेळ सांग’. म्हणून प्रयोगाचा क्रम महत्त्वाचा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला हे करा:

१. -यू लावून, म्हणजे यूटीसीमध्ये, ‘डेट -डी’ला शून्य सेकंद द्या आणि फक्त वर्ष मागा. एररचा मजकूर गिळून टाका.
२. उत्तर बरोबर ‘१९७०’ आलं का ते तपासा. आलं तर एका व्हेरिएबलमध्ये नोंद करा: डी-पद्धत.
३. नाही आलं तर ‘डेट -आर’ला शून्य देऊन तेच करा. १९७० आलं तर आर-पद्धत.
४. दोन्ही फसले तर स्पष्ट निरोप देऊन थांबा.
५. यानंतर संपूर्ण स्क्रिप्टमध्ये तारीख फक्त एका फंक्शनमधून काढा. ते फंक्शन नोंद बघून योग्य पद्धत वापरेल.

दुसऱ्या पायरीत मी उत्तराचा आकडा तपासायला सांगितलं, नुसता एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) नाही. उबुंटू २५.१० मध्ये नव्या रस्टवाल्या डेटचा ‘-आर’ फाइलकडे दुर्लक्ष करून सरळ आत्ताची वेळ सांगत असे. एरर नाही, एक्झिट कोड शून्य, उत्तर चूक. परिणामी त्या प्रणालीवर अपडेट आपोआप तपासण्याचं काम अडलं, आणि दुरुस्ती करावी लागली. एक्झिट कोडवर विश्वास ठेवणाऱ्या प्रयोगाला हे कधीच दिसलं नसतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असाच प्रश्न विचारा.

व्हर्जन तपासणं टळत नसेल तेव्हा: वायक्यूची गोष्ट

काही वेळा फरक इतका मोठा असतो की प्रयोगापेक्षा सरळ ओळखच पटवावी लागते. वायएमएल, म्हणजे कॉन्फिग फाइल लिहिण्याची मांडणी, वाचणारी वायक्यू ही कमांड याचा उत्तम नमुना.

या नावाचे दोन पूर्ण वेगळे प्रोग्राम आहेत. एक गो भाषेतला. होमब्रूवर ‘वायक्यू’ मागितलं की हा येतो. दुसरा पायथनमधला, जेसन मांडणी वाचणाऱ्या जेक्यू या कमांडवर चढवलेलं आवरण. डेबियन आणि उबुंटूच्या ॲप्टमधून हा येतो. गोवाल्याच्या तिसऱ्या पिढीत किंमत वाचायला ‘वायक्यू आर’, मग फाइल, मग टिंबांचा मार्ग असं लिहायचे. डिसेंबर २०२० मध्ये चौथी पिढी आली आणि लिहिण्याची पद्धतच बदलली: ‘वायक्यू इव्हॅल’, मग जेक्यूसारखं सूत्र, मग फाइल. पुढे ४.१८ पासून ‘इव्हॅल’ लिहिण्याचीही गरज उरली नाही. पायथनवाला तर काहीच सांगितलं नाही तर वायएमएलऐवजी जेसन छापतो.

आणि कडी म्हणजे, डेबियन १२ मधल्या पायथनच्या वायक्यूचा आकडा ३.१.० आहे. नुसता पहिला अंक बघणारी स्क्रिप्ट त्याला गोवाल्याची तिसरी पिढी समजते आणि भलत्याच भाषेत बोलू लागते. त्यामुळे आधी घराणं, मग आकडा. नव्या गोवाल्याच्या व्हर्जनच्या ओळीत त्याच्या रेपोचा पत्ता असतो, पायथनवाल्याच्या ओळीत नाव आणि आकडा एवढंच. खात्रीचा उपाय हवा तर वर सांगितलेला प्रयोगच करा: दोन ओळींची वायएमएल द्या, त्यातला एक तुकडा मागा आणि वायएमएलच परत येतं का ते पाहा.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. अक्षरांच्या क्रमाने तुलना केली तर ४.१० हा ४.९ पेक्षा लहान ठरतो; टिंबावर तुकडे करून प्रत्येक तुकडा संख्या म्हणून ताडून पाहा. आकड्याच्या आधी ‘व्ही’ असू शकतो. मागे शेपूट असू शकतं. ॲपलचा गिट आपल्या आकड्यापुढे कंसात स्वतःचा वेगळा आकडा लावतो. जावाला एका डॅशने व्हर्जन विचारलं तर उत्तर स्टँडर्ड एररवर (एररच्या निरोपांसाठीच्या वेगळ्या मार्गावर) येतं, म्हणून आउटपुट पकडणाऱ्याच्या हाती रिकामी ओळ लागते. शिवाय जावा ८ स्वतःला १.८ म्हणवतो आणि जावा ११ सरळ ११. तपासणीपूर्वी निरोपांची भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी-ऑल’ला ‘सी’ करा, नाहीतर जर्मनीतल्या सहकाऱ्याच्या मशीनवर निरोपच जर्मनमध्ये यायचा.

खालची मर्यादा घाला. वरची मर्यादा मात्र मोडतोड प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हाच. २०२५ मध्ये बिल्डची मांडणी करणारं सीमेक ४.० आलं आणि त्याने ३.५ पूर्वीच्या वर्तनाचा आधार काढून टाकला. वर्षानुवर्षं ‘किमान २.८’ अशी ओळ कॉपी-पेस्ट होत आलेले प्रकल्प एका रात्रीत कॉन्फिगर होईनासे झाले. त्यांतल्या कितीतरींच्या कोडमध्ये काही दोष नव्हता, जुनी होती ती फक्त ती ओळ.

डॉकर कंपोज: थोडक्यात

अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या या कमांडची दोन रूपं आहेत. जुनी कमांड डॅशवाली, ‘डॉकर-कंपोज’, पायथनमधली. तिचे अपडेट जुलै २०२३ पासून बंद. नवी जागा सोडून, ‘डॉकर कंपोज’. आधी नवी चालते का पाहा, नसेल तर जुनी, आणि जी सापडेल ती एका फंक्शनमागे लपवा. हे सगळेच करतात. राहून जातं ते कंटेनरच्या नावाचं: जुनी प्रकल्प, सर्व्हिस आणि क्रमांक अंडरस्कोरने जोडते, नवी डॅशने. नाव स्वतः जोडून ‘डॉकर एक्झेक’ करणारी स्क्रिप्ट तिथे आपटते. नाव बनवू नका. ‘पीएस -क्यू’ आणि सर्व्हिसचं नाव देऊन आयडी मागून घ्या.

मेक आणि बॅश: मॅकवर काळ थांबलाय

मॅकओएससोबत येणारा बॅश हा शेल ३.२ आणि मेक ही मेकफाइलमधल्या सूचनांनुसार बिल्ड करणारी कमांड ३.८१. मेक ३.८१ तर २००६ चं. जून २००७ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती आली, त्यापुढच्या आवृत्त्या त्या परवान्याखाली गेल्या आणि ॲपल जुन्यांवरच थांबलं. २०१९ मध्ये कॅटलिनापासून मॅकचा डीफॉल्ट शेल झेडशेल झाला, तरी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं की तो म्हातारा ३.२ च उठून येतो.

मेकमधला ‘.वनशेल’ हा या लेखातला मला सगळ्यात भीतीदायक वाटणारा मासला. तो ३.८२ मध्ये आला. तो असला की एका टार्गेटच्या (मेकफाइलमधल्या एका कामाच्या) सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये चालतात. ३.८१ ला तो शब्द ठाऊक नाही, पण तो तक्रारही करत नाही, गुपचूप प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतो. आता कल्पना करा: पहिली ओळ ‘सीडी बिल्ड’, दुसरी ओळ ‘सगळं पुसून टाक’. लिनक्सवर बिल्ड फोल्डर साफ होतं. मॅकवर दुसरी ओळ प्रकल्पाच्या मुळाशी चालते. दोन ओळींमध्ये दोन अँपरसँड घालून एकच ओळ करण्याची जुनी सवय याचसाठी सोडू नये.

मेकला विचारण्याची चांगली सोय आहे: ‘.फीचर्स’ या व्हेरिएबलमध्ये त्याला येणाऱ्या गोष्टींची यादी असते. मेकफाइलच्या अगदी वर त्या यादीत ‘वनशेल’ शब्द आहे का ते ‘फिल्टर’ने पाहा आणि नसेल तर ‘एरर’ने थांबवा. आकड्याची गरजच नाही.

बॅशमध्ये नावाने किमती ठेवणारे ॲरे चौथ्या आवृत्तीत, २००९ मध्ये आले. ३.२ वर ‘डिक्लेअर’चा तो पर्याय एरर देतो, पण स्क्रिप्ट एररवर थांबायला सांगितलेली नसेल तर पुढे जाते. मग प्रत्येक नावाचं गणिती मूल्य काढलं जातं, ते शून्य येतं आणि सगळ्या किमती एकाच खणात एकमेकींवर लिहिल्या जातात. शेवटी उरते फक्त शेवटची. दुसरी खोच: ‘सेट -यू’ (न ठरवलेलं व्हेरिएबल दिसलं तर थांब, अशी सूचना) लावलेलं असताना रिकामा ॲरे उलगडला तर ४.४ पूर्वीचा बॅश ‘व्हेरिएबल नाही’ म्हणून मरतो. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच बॅशचा मुख्य अंक तपासा, आणि ती तपासणी ३.२ लाही वाचता येईल अशा साध्या भाषेत लिहा. पहिल्या ओळीत थेट बिन फोल्डरमधला बॅश लिहिण्याऐवजी ‘एन्व्ह बॅश’ लिहा, म्हणजे कुणी नवा बसवला असेल तर तो मिळेल.

‘मग एसएच, म्हणजे साधा शेल, वापरतो’ म्हणाल, तर तेही तपासून घ्या. उबुंटूवर २००६ च्या ६.१० पासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळा, काटेकोर शेल आहे. तिथे शेलचेक हे शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं साधन चालवा. पहिल्या ओळीत एसएच असेल तर बॅशच्या खास सवयी तो दाखवून देतो. सेडच्या किंवा डेटच्या फरकांबद्दल मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

दारातच अडवा, नीट सांगून अडवा

हे सगळे प्रयोग एका फाइलमध्ये ठेवा, ती प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला चालवा आणि बाकी स्क्रिप्टमध्ये पुन्हा कुठेही फाटे फोडू नका. ‘मॅक असेल तर’ अशा ओळी चार फाइलींत पसरल्या की पाचवी कुणाला आठवत नाही.

थांबवताना निरोपात चार गोष्टी हव्यात: कोणती कमांड, ती कोणत्या पूर्ण पत्त्यावर सापडली, तिने स्वतःला काय म्हटलं, आणि आम्हाला हवी ती बसवण्याची तयार ओळ, मॅकसाठी वेगळी, उबुंटूसाठी वेगळी. ‘अयोग्य व्हर्जन’ एवढंच छापलं की पुढच्या दहा मिनिटांत तुम्हालाच मेसेज येतो.

जिथे शक्य असेल तिथे निवडच काढून टाका. ग्रेडल किंवा मेव्हन या बिल्ड साधनांचं रॅपर रेपोतच असतं आणि स्वतःचं व्हर्जन स्वतः आणतं. एएसडीएफ किंवा मीझ ही व्हर्जन सांभाळणारी साधनं वापरत असाल तर ‘.टूल-व्हर्जन्स’ फाइलमध्ये आकडे लिहा. कंटेनरमध्ये बिल्ड करत असाल तर प्रतिमा टॅगने (तिला दिलेल्या नावाने) नाही, डायजेस्टने (तिच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकाने) बांधा. ‘लेटेस्ट’ हा टॅग कधी सरकेल सांगता येत नाही. गिटहब ॲक्शन्स या सीआयवरच्या ‘उबुंटू-लेटेस्ट’चंही तसंच, नाव कायम आणि आतली प्रणाली दर काही वर्षांनी बदललेली. थेट ‘उबुंटू-२४.०४’ लिहा.

तरीही सीआयमध्ये तीन खुर्च्या मांडा: उबुंटू, मॅक, अल्पाइन. पूर्ण बिल्ड तिन्हीकडे नको, फक्त ती तपासणीची फाइल आणि सेड-डेटची फंक्शनं. काही सेकंदांचं काम आहे. त्यानंतर ‘गिट स्टेटस’ (कमिट न झालेले बदल दाखवणारी कमांड) रिकामं आहे का हेही तपासा. आमची ती -ई फाइल या एका ओळीने पहिल्याच दिवशी पकडली असती.

आणि जुन्या व्हर्जनसाठी लिहिलेल्या प्रत्येक फाट्यावर कॉमेंट टाका: कशासाठी, आणि कधी काढता येईल. डॅशवाल्या डॉकर-कंपोजचा फाटा आम्ही गेल्या महिन्यात पुसला. तो कुणाच्याच मशीनवर चालत नव्हता.